दोनदा मोडलेली कड

विमानाच्या शेपटीतल्या एलिव्हेटरची मागची कड दोन बोटांत धरून मी वर-खाली केली, तेव्हा हाताला खट् असं लागलं. आवाज असा आलाच नाही. पण तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला कानाआधी बोटांना कळतं. जिथं काही हलायला नको होतं, तिथं केसाएवढं काहीतरी हलत होतं.

विमान आमचं घरचं. म्हणजे मी आणि माझा मित्र, अशा दोघांनी नऊ वर्षं खपून बांधलेलं, दोन माणसं बसतील एवढं. शिरोलीच्या एमआयडीसीत माझ्या मशिन शॉपच्या मागं एक पत्र्याची शेड आहे, तिथं ते तयार झालं. पंख काढून, ट्रेलरवर घालून आम्ही ते सीमेपलीकडच्या एका बागायतदाराच्या खाजगी धावपट्टीवर न्यायचो आणि वर्षातून एकदा तपासणीसाठी परत शेडमध्ये आणायचो. उडवायचा तो. त्यानं रीतसर शिकून परवाना घेतला होता. मी शेजारी बसायचो आणि इंजिनाचा आवाज ऐकायचो.

एलिव्हेटर म्हणजे शेपटीच्या आडव्या फळीचा मागचा, हलणारा भाग. त्यानं विमानाचं नाक वर किंवा खाली होतं. दाराला बिजागऱ्या असतात तशी त्याला छोटी बेअरिंगं असतात. एका बाजूला आट्यांचा दांडा, दुसऱ्या बाजूला गोल डोळा आणि त्या डोळ्यात फिरणारी गोळी. आमच्या शेपटीत अशी सहा आहेत. करंगळीएवढी वस्तू, पण ती झिजली की वर गेल्यावर शेपूट थरथरायला लागते, आणि ती थरथर एकदा वाढली की थांबवता येत नाही.

आमच्यात एक रीत होती. ज्यानं काम केलं त्यानं वहीत पहिली सही करायची. दुसऱ्यानं ते काम उघडून, हात लावून बघायचं आणि मग खाली सही करायची. ही रीत मीच घातली होती. त्या शनिवारी तपासनीस येणार होते. त्यांच्यापुढं ती वही ठेवायची होती, आणि बेअरिंगांच्या कामाखाली दोन सह्या नसत्या तर विमानाची परवानगी पुढं चालू राहणार नव्हती. माझ्या मित्राच्या दृष्टीनं विमान न उडणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. राधानगरी रस्त्यावरच्या गावचा माणूस तो, घरात ऊस आणि म्हशी, पहाटे दूध घालून मग डिप्लोमाच्या वर्गाला यायचा. आम्ही एका बाकावर बसायचो. वहीच्या मागच्या पानावर तो विमानंच काढायचा. पन्नाशीला आल्यावर त्यानं ते खरं केलं होतं.

मी त्याला फोन करून सांगितलं की शेपटीत प्ले आलाय, सांधे ढिले झालेत. शेजारी फाउंड्री आहे, तिची काळी वाळू वाऱ्यावर सगळीकडं जाते, आमच्या जेवणाच्या डब्यातसुद्धा सापडते. तीच आत गेली असेल, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "तू हात लावू नगंस. उद्या मी येतो आणि मीच बदलतो. नवा सेट आणून ठेवलाय मी."

मला आश्चर्य वाटलं. सेट मागवल्याचं तो बोलला नव्हता. विचारलं तर म्हणाला की वर्षभर उडलंय, बदललेलं बरं म्हणून मागवला. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरं वाटलं. हा माणूस आता सांगण्याआधी विचार करायला लागला, असं मनात आलं.

पण काम समोर असताना हात बांधून बसणं मला जमत नाही. निदान उघडून ठेवू, त्याचा वेळ वाचेल, असं म्हणून मी स्प्लिट पिना काढल्या, बोल्ट काढले आणि एलिव्हेटर उतरवून गोधडीवर ठेवला. मग पहिलं बेअरिंग काढायला घेतलं. हे काढताना किती फेऱ्यांत बाहेर आलं ते मोजून लिहायचं असतं, कारण नवीन तेवढंच आत जायला हवं. नाहीतर सगळे डोळे एका रेषेत येत नाहीत. साडेअकरा फेऱ्या. लिहिलं. रॉकेलच्या फडक्यानं पुसलं आणि उजेडात धरलं.

डोळा जिथं दांड्याला मिळतो तिथं एक छोटी कड होती. ती दोनदा मोडलेली होती.

हे समजावून सांगायला हवं. लेथवर काम झाल्यावर तीक्ष्ण कड तिरपी करून मोडतात. ते सगळेच करतात. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्री म्हणायचे की एक कड मोडली की ती जाताना दोन कडा सोडून जाते, त्यासुद्धा मोड, उद्या कुणाच्यातरी हाताला लागेल. यात वेळ जातो, म्हणून आमच्या गल्लीत दुसरं कुणी हे करत नाही. माझ्या कामगारांनाही मी ते लावू शकलो नाही. ग्राहक चेष्टा करायचे, की हे काय नवरीचे दागिने आहेत का.

ते बेअरिंग मी केलेलं होतं. परदेशातून सीलबंद पाकिटात आलेलं, विमानासाठी बनवलेलं, शिक्का मारलेलं असं ते नव्हतं. मी दुसरं काढलं. तिसरं काढलं. सहाही माझीच.

मी खाली गोधडीवरच बसलो.

कधी केली होती तेही आठवलं. शेपूट बसवायच्या दिवसांत तो एक नमुना कागदात गुंडाळून घेऊन आला होता. इचलकरंजीला पाव्हण्यांकडं जुना माग आहे, त्याचा पार्ट आहे, सहा करून दे, म्हणाला. आटे इंचाचे होते. जुन्या विलायती मागांना इंचाचेच असतात, म्हणून मला वावगं वाटलं नाही. लेथचे गिअर बदलून मी आटे पाडले. डोळ्यात एका जुन्या बुशचं ब्राँझ घातलं. मागाला ते दहा वर्षं गेलं असतं. कोल्हापुरात नमुना हातात दिला की माणूस कशाला पाहिजे हे विचारत नाही, कधीपर्यंत पाहिजे एवढंच विचारतो. आमचा सगळा उद्यमनगर त्याच्यावरच उभा राहिला आणि आम्हाला त्याचाच अभिमान आहे. मी त्याला म्हणालोही होतो की मूळपेक्षा चांगलं करून देतो.

आणखी एक गोष्ट आठवली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नमुन्याच्या डोळ्यावर जिथं कंपनीची अक्षरं असतात, ती जागा पॉलिश पेपरनं घासलेली होती. ताजी घासलेली. ते मी पाहिलं होतं. बोटही फिरवलं होतं. आणि विचारलं नव्हतं.

नंतर त्यानं शेपूट बसवली आणि वही घेऊन चहाच्या गाड्यावर आला. रीतीप्रमाणे मी बोल्ट काढून बघायला हवं होतं. मी शेडमध्ये जाऊन एलिव्हेटर नुसता हातानं हलवला. लोण्यासारखा चालत होता. परदेशी माल तो परदेशी माल, असं मी म्हणालो, आणि सही केली.

गेल्या हिवाळ्यात त्यानं माझ्या बायकोला त्या विमानातून दहा मिनिटं फिरवलं. ती आधी तयार नव्हती. पट्टा आवळताना तिनं त्याला काही विचारलं नाही, मला विचारलं, की काही होणार नाही ना. मी सही केलीय, एवढंच मी तिला म्हणालो होतो. त्या उत्तरावर ती बसली.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला तेव्हा मी सहाही बेअरिंगं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून ठेवली होती. हातात नव्या सेटचं खोकं घेऊन तो दारातच थांबला.

"उघडलंस व्हय," तो म्हणाला.

"मागाचा पार्ट," मी म्हणालो.

त्यानं काही नाकारलं नाही. उलटा क्रेट ओढून बसला आणि सांगायला लागला, जसं काही बरेच दिवस सांगायचं राहिलं होतं. मी बायकोच्या माहेरच्या लग्नाला आजऱ्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मूळची बेअरिंगं त्यानं एकट्यानंच बसवायला घेतली. ती फिरवायला मी नकाशावरच्या मापांनी एक दुबेळकी पाना केला होता, जो दांड्याला धरतो. तो माझ्या कपाटात, कुलपात. मी येईपर्यंत दोन दिवस थांबायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं डोळ्यात सळी घातली आणि पिळलं. शेतावर पंपाचा गंजलेला बोल्ट असाच सुटतो. इथं मात्र सहाही डोळे दबले आणि गोळ्या अडकल्या. संध्याकाळपर्यंत त्याच्या लक्षात आलं. नवीन मागवायची तर चार-पाच महिने लागणार होते.

"मला का सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"थांबलो असतो."

"न्हाई. आधी च्याच्या गाड्यावर सांगितलं असतंस. मग थांबला असतास." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "तुझ्या जिभेचं भ्या वाटलं मला. खोटं कशाला बोलू."

इथं मला माझी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं त्याच्यावरच जाईल. त्याच्या दोन वर्षं आधी पंखाच्या मुख्य पट्टीला त्यानं एक भोक चुकीच्या जागी पाडलं होतं. पट्टी वाया गेली. मी गाड्यावर पाच-सहा जणांसमोर त्याला म्हणालो की तुझ्या हातात कासराच शोभतो, लेका, म्हशी धुवायला जा. सगळे हसले. तोही हसला. मग ते गल्लीत चिकटलं. तो आला की कुणीतरी विचारायचं, काय, म्हशी धुऊन झाल्या का. चहावाला कप देताना म्हणायचा, कासरा सोडा आणि कप धरा. हे वर्षभर चाललं, आणि मी एकदाही कुणाला गप्प केलं नाही. मला त्यात गंमत वाटायची. त्याला ती वाटत नव्हती, हे मला त्या सकाळी क्रेटवर बसलेल्या माणसाकडं बघून कळलं.

तरीसुद्धा मी म्हणालो, "म्हणून तू माझ्या बायकोला त्यावर बसवलंस?"

"मी पण हुतो की तिथं. माझा जीव काय वरचा हाय?"

"तुला माहीत हुतं. तिला न्हवतं." माझी बोलीही रागात गावाकडची होते.

त्यानं वर्तमानपत्रावरचं एक बेअरिंग उचलून हातात घेतलं. मग म्हणाला, "तू केलेली हाईत म्हणून घातली. दुसऱ्या कुणी केली असती तर घातली नसती. आईशप्पथ."

या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. कुणी माझ्या हाताची एवढी मोठी तारीफ केलेली नाही. आणि त्याच हातांना फसवून, त्यांना न सांगता, त्यानं ते काम करून घेतलं होतं. मी एवढ्या वर्षांत कुणाला पार्ट देताना हा कशाला वापरणार असं विचारत नसेन, पण विमानाचा आहे म्हटल्यावर मी तो केला नसता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर माग आणला मधे.

त्या दुपारी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना माहीत हुतं?"

"हो."

"आणि तुम्ही उघडून बघितलं न्हवतं?"

"नाही."

"मग दोघंबी सारखंच की," ती म्हणाली, आणि देठ वेगळे करत राहिली. त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून नवी बेअरिंगं बसवली. बोलणं कामापुरतं. मी पाना फिरवायचा, त्यानं फेऱ्या मोजायच्या. मोजलेल्या फेऱ्यांइतकं आत घालायचं, मग सगळ्या डोळ्यांतून एक सरळ सळी घालून बघायचं, की ती कुठं अडत नाही. तिसऱ्या डोळ्याशी ती अडली. अर्धी फेरी बाहेर घेतली, मग गेली. डोळ्याच्या दोन्ही बाजूंना वॉशर घालून फट भरायची. जाड घातला तर दाबतो, पातळ घातला तर खेळतो. एका ठिकाणी चार वॉशर बदलून बघितले तेव्हा बसला. मग बोल्ट, नट, मोजून ताण, नवीन स्प्लिट पिन, तिची टोकं वळवून.

शेवटी एलिव्हेटर बसला आणि त्यानं एका बोटानं तो उचलून सोडला. सावकाश खाली आला, कुठं न अडता, न खडखडता. आमच्या दोघांच्या कामात तो सगळ्यात चांगला जमलेला भाग असेल. एरवी अशा वेळी त्यानं माझ्या पाठीत थाप घातली असती. तो हात पुसत बाहेर गेला.

वही मी लिहायला घेतली तेव्हा तो शेजारी उभा होता. म्हणाला, "झिजलेली बेअरिंगं बदलली, एवढंच लिही. त्यात खोटं काय न्हाई."

खोटं नव्हतंच. बेअरिंगं झिजलेली होती आणि बदलली होती. शनिवारी तपासनिसांनी ते वाचून पान उलटलं असतं आणि आठवड्याभरात विमान परत धावपट्टीवर गेलं असतं. मी पेन तसंच धरून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मला त्याचा राग होता म्हणून मी पुढचं लिहिलं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. थोडा होताच. पण मला त्या वेळी समोर दिसत होती ती माझी जुनी सही, त्याच वहीत, काही पानं मागं, ऐटबाज, खाली रेघ मारलेली.

मी लिहिलं की शेपटीची आधीची सहा बेअरिंगं माझ्या लेथवर केलेली होती, विमानासाठीची नव्हती, आणि ती बसवल्यावर मी काहीही न उघडता सही केली होती. आता मूळ प्रकारची बसवली आहेत. खाली सही केली. मग वही त्याच्याकडं सरकवली.

त्यानं ते उभ्या उभ्याच वाचलं. "माझं काय लिवलंस?"

"तुझं काही लिहिलं नाही. माझं लिहिलंय. तुझं तू लिही."

"मग झालं की. तुझी चूक लिवून मला उघडा केलास." त्यानं वही मिटली आणि विमानाच्या सीटवर ठेवली. सही केली नाही.

शनिवारी तपासनीस आले. सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, खालची एकच सही बघितली. शेपूट बघितली, चांगली बसलीय म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी मला विचारलं की या विमानात तुमच्या शॉपमध्ये केलेलं आणखी काय काय आहे.

माझा मित्र माझ्याकडं बघत होता. आणखी काही नाही, एवढं मी म्हणावं, अशी त्याची अपेक्षा होती, आणि कदाचित ते खरंही असेल. पण मी इतकी वर्षं कुणी आणून दिलेले नमुने न विचारता करून देत आलोय. त्यानं पूर्वीही एक-दोनदा काहीबाही करून नेलं होतं, पंपाचं म्हणून, ट्रॉलीचं म्हणून.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

नऊ वर्षं ज्याच्याबरोबर एका दिव्याखाली रिव्हेट मारले, त्याच्यासमोर मी हे म्हणालो. त्यानं खाली बघितलं. तपासनिसांनी परवानगी थांबवली. पूर्ण विमान उघडायचं, एकेक पार्ट कुठून आला ते दाखवायचं, मग बघू. रागावून नाही, समजुतीनंच सांगितलं त्यांनी. दोघांनी बसून केलंत तर वर्षात होईल, असंही म्हणाले.

दोघं बसलो नाही. मी दर रविवारी शेडमध्ये जाऊन एकेक पार्ट काढून उजेडात धरतो आणि कडा बघतो. आतापर्यंत माझं दुसरं काही सापडलेलं नाही. हे त्याला कळवायला मी दोनदा फोन केला. त्यानं उचलला नाही. गाड्यावर तो येत नाही, आणि तिथं आता कुणी म्हशीचं काही बोलत नाही. बोलायला लागले तर मी गप्प करीन, पण त्याचा आता काही उपयोग नाही.

मागच्या महिन्यात कळंब्याच्या तलावावर तो दिसला, घरच्यांबरोबर, कणीस खात. मला बघून थांबला. चेहरा मोकळा होता. एखाद्या परगावच्या माणसाशी बोलावं तितक्या नीटपणे तो म्हणाला, "काय पावणं, बरं हाय न्हवं?"

बरं आहे, मी म्हणालो. माझं दुसरं काही सापडलं नाही, हे सांगायचं होतं. तो मान हलवून पुढं गेला.